शेऱ्याचा रकाना

चौतीस वर्षं मी पोस्टात काढली आणि त्या चौतीस वर्षांत एकाही माणसाचं पत्र फोडलं नाही. पोस्टकार्ड तर उघडंच असतं, पण तेसुद्धा पत्त्याच्या बाजूनेच धरायचं, असा माझा दंडक होता. हे आधीच सांगून ठेवते. पुढे जे येणार आहे त्यात माझी शोभाच आहे, तेव्हा सुरुवातीला थोडी बढाई मारून घेतली तर कोणाचं काही जात नाही.

मी नीलाबाई. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्ण्यात मला पोस्टबाई म्हणतात, आणि रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी ते नाव काही रिटायर व्हायला तयार नाही. घरात पुस्तकं आहेत दोन हजार तीनशे सोळा. निम्मी आमच्या ह्यांची. ते शाळेत गणित शिकवायचे आणि घरी शिकारकथा वाचायचे. ते गेल्यावर मी भर घालत गेले. आता पुढची खोली, मधली खोली आणि देवघराच्या वरची फळी, सगळीकडे पुस्तकंच आहेत. जो मागेल त्याला मी देते. फी नाही, डिपॉझिट नाही. अट एकच, पुस्तक परत आणताना त्याबद्दल एक वाक्य सांगायचं. 'चांगलं होतं' हे वाक्य चालत नाही. तसं म्हणणाऱ्याला मी ओसरीवर बसवून ठेवते, आणि दहा मिनिटांनी त्याला बरोबर काहीतरी सुचतं.

ते वाक्य मी माणसाच्या नावासकट लिहून ठेवते, त्याच्या तोंडून जसं निघालं तसं, अक्षर न अक्षर. ही सवय तारेची. मी नोकरीला लागले तेव्हा तार होती, आणि तारेत शब्द बदलायचा नसतो. 'माय बिमार लवकर ये' असं आलं तर तसंच पाठवायचं. त्याचं शुद्ध मराठी करत बसायचं नाही. सुरुवातीला हे सगळं रजिस्टरात होतं. एका वर्षी वाळवीने पान चाळीस ते नव्वद खाल्लं, तेव्हा मी कॉम्प्युटर घेतला आणि 'पुस्तकघर' नावाचा प्रोग्राम त्यात घातला. घरातल्या पुस्तकांची यादी ठेवण्यासाठी नागपूरच्या दोघा जणांनी तो बनवलाय. तेव्हा त्यात पुस्तक नेणाऱ्याच्या नावासाठी वेगळी जागाच नव्हती. प्रत्येक पुस्तकापुढे 'शेरा' म्हणून एक रकाना होता, तोच मी वापरला. नाव, तारीख, वाक्य, सगळं त्यात.

यंदा दिवाळीनंतर त्याची नवी आवृत्ती आली. मी तीन दिवस तिच्यामागे होते. पुस्तकाच्या पाठीवरच्या रेघांवर फोन धरला की नाव, लेखक, पानं, वर मुखपृष्ठाचं चित्र, सगळं आपोआप येतं. एकच पुस्तक दोनदा असलं तर तो सांगतो. त्यानेच मला दाखवलं की लोणच्यांचं एक पुस्तक माझ्याकडे तीन वेळा आहे आणि मी आयुष्यात एकदाही त्यातलं लोणचं घातलेलं नाही. पुस्तक कोणाकडे आहे, त्याची नावासकट वेगळी पाटी आता झाली. आणि यादी सांभाळायची सोय तर अशी की मी खूशच झाले. एक प्रत कॉम्प्युटरवर, एक इंटरनेटवर कुलपात, एक पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्ह मी पितळी डब्यात घालून तांदळाच्या कोठीत ठेवला. आता वाळवी येवो, लाइन जावो, नाहीतर माकडं छपरावरून खाली उतरून कॉम्प्युटर घेऊन जावोत, माझी यादी हरवणार नव्हती.

हरवू नये म्हणून मी सगळं केलं होतं. दिसू नये म्हणून काय केलं, हे मात्र स्वतःला विचारलं नाही.

नव्या आवृत्तीत आणखी एक सोय होती, 'खुलं कपाट'. एक बटण दाबलं की आपली यादी एका लिंकवर जाते, आणि ज्याच्याकडे ती लिंक आहे तो आपल्या फोनवरून आपलं कपाट बघू शकतो. मला ही कल्पना फार आवडली. लोक येतात, दारात उभे राहतात आणि 'काय काय आहे जी?' विचारतात. दोन हजार तीनशे सोळा नावं मी तोंडाने सांगू? मी आंधळेपणाने बटण दाबलं असं कोणी समजू नये. सगळ्या सूचना चष्मा लावून वाचल्या. पुस्तक नेणाऱ्यांची नावं दिसणार नाहीत, फोन नंबर दिसणार नाहीत, असं तिथे स्वच्छ लिहिलं होतं. मी दोनदा वाचलं आणि रविवारी सकाळी सव्वानऊला लिंक आमच्या वाचक मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. ग्रुपमध्ये एकशे चाळीस माणसं. खाली लिहिलं, 'आपलं कपाट आता आपल्या हातात.' मग चहा करून घेतला आणि ओसरीवर बसून लोकांच्या अंगठ्यांची वाट बघू लागले.

साडेदहाला लटारूभाऊंचा फोन आला. लटारूभाऊ जंगल खात्यातून रिटायर झालेले, माझे सगळ्यात जुने वाचक. ते हसत होते.

"पोस्टबाई, तुमी तं मले साऱ्या गावात बदनाम केलं."

"काय केलं मी?"

"त्या योगासनाच्या पुस्तकावर तुमी लिहून ठेवलं ना, 'लटारूभाऊ, पहिलं आसन करतानी झोप लागली, दुसरं पाह्यलंच नाई.' माह्या सुनेनं वाचून दाखवलं. पोट धरून हासून राह्यली ते."

मीही हसले. अर्ध्या हसण्यातच मी थांबले. ते शेऱ्यातलं वाक्य होतं, आणि शेरा त्यांच्या सुनेला दिसत होता.

पुढचं समजायला मला काही वेळ लागला नाही. शेरा हा पुस्तकाचा, नेणाऱ्याचा नव्हे, असं प्रोग्राम समजतो. त्याने सांगितल्याप्रमाणे नेणाऱ्यांची पाटी झाकून ठेवली होती, शब्दाला जागला होता. पण मी नऊ वर्षं नावं त्या पाटीवर नाही, शेऱ्यात लिहीत आले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी बटण शोधून कपाट बंद केलं. पन्नास सेकंद लागले असतील. पण बूंद से गई वो हौद से नहीं आती. सव्वा तास एकशे चाळीस फोनांवर माझ्या गावाची वाक्यं उघडी पडली होती.

मग मी शेरे वाचत सुटले. बहुतेक निरुपद्रवी होते. आणि त्यात एक हजार चारशे आठ नंबरचं पुस्तक आलं. कायद्याचं पातळसं पुस्तक, बाईचा इस्टेटीतला हक्क. त्याच्यापुढे माझ्याच हातचं:

'कलाबाई. यातलं खरं असंल तं बाबाच्या बांद्यात माह्याबी वाटा हाय. भावाले सांगू नका.'

ते शेवटचं वाक्यसुद्धा मी टाइप केलं होतं. अक्षर न अक्षर.

कला शाळेत खिचडी शिजवते. पन्नाशीला आलेली, बोलायला हळू, वाचायला त्याहून हळू, पण हातातलं पुस्तक पुरं केल्याशिवाय सोडत नाही. तिचं माहेर इथून आठ किलोमीटरवर. बाप उन्हाळ्यात गेला, मागे धानाची साडेचार एकर जमीन, त्याच ह्या बांद्या. येत्या मंगळवारी तिला चंद्रपूरला रजिस्ट्रीच्या ऑफिसात न्यायचं, हे भावाने ठरवून टाकलं होतं. तिथे तिने हक्कसोडपत्रावर सही करायची, म्हणजे बापाच्या जमिनीत मला काही नको असं लिहून द्यायचं. आमच्याकडे बहिणी अशा सह्या करतात. कोणी विचारत नाही, त्याही विचारत नाहीत. पुस्तक परत आणलं त्या दिवशी कला माझ्या ओसरीवर बराच वेळ बसली होती. तिने ठरवलं होतं की मंगळवारपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. ऑफिसात साहेब विचारतील, 'राजीखुशीने देताय ना बाई?' तेव्हा 'नाई' म्हणायचं, बस.

"आधी सांगून दे ना भावाले," मी म्हणाले होते.

"नाई जी," ती म्हणाली. "पाच मिनिटं मी कोणालेबी नाई म्हणू शकते. दोन दिवस नाई म्हणता येत नाई मले. आई येऊन रडंल, काका येतीन, मामा येतीन. दुसऱ्या दिवशी मी सही करून टाकीन. मी मले ओळखते."

आणि मी तिच्या भावाला बरोबर दोन दिवस काढून दिले होते.

भावाने वाचलंच असेल असं कशावरून, असं मनाला समजावून पाहिलं. पण नव्या आवृत्तीत आणखी एक सोय होती, 'पाहुण्यांची वही'. कोणत्या नंबरावरून कोणी, किती वाजता, कोणतं पुस्तक उघडून पाहिलं, ते त्यात दिसतं. सकाळी ही सोय पाहून मला बरं वाटलं होतं. आता ती उघडताना दुसऱ्याचं पत्र वाफेवर धरल्यासारखं वाटलं, तरी उघडली. दिनेश, कलाचा एकुलता एक मोठा भाऊ, माझ्याकडून शिकारकथा नेणारा. नऊ बावन्नला त्याने एक हजार चारशे आठ उघडलं होतं. नऊ चोपन्नला पुन्हा.

मी सगळ्या शेऱ्यांना कुलूप लावलं. तेव्हा कळलं की प्रत्येक शेऱ्याच्या कोपऱ्यात बारीकसं कुलूप आहे, आणि त्याला हात लावला की प्रोग्राम विचारतो, 'ही नोंद कोणाला दिसू द्यायची?' मला, नेणाऱ्याला, की सर्वांना. मी कधी हातच न लावल्याने ते 'सर्वांना' असंच राहिलं होतं. मग चपला घातल्या आणि कलाकडे निघाले. फोनवर सांगण्यासारखी गोष्ट नव्हती. वाईट बातमीची तार पोस्टमन कधी शेजाऱ्याच्या हाती देत नाही, स्वतः दारात जाऊन देतो.

कला अंगणात ताडपत्रीवर धान पसरून पायांनी फिरवत होती. सासू आत झोपलेली, नवरा रानात. मी तिला बाजूला बोलावलं आणि सगळं सांगितलं. माझ्या हातून झालं, असंच सांगितलं. प्रोग्रामवर ढकललं नाही. तेवढं तरी मला येतं.

ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती पायांना चिकटलेले दाणे झटकत राहिली.

"तुमी लिहिलं काऊन पण?" तिने विचारलं.

"सगळ्यायचंच लिहिते ना मी. सवय हाय."

"मी म्हणलं होतं, सांगू नका."

"हो."

"तं सांगू नका म्हणलेलंबी लिहून ठेवलं."

मी खाली बघत राहिले. मला लाज वाटली. नोकरीत एकदा रजिस्टर पत्र चुकीच्या घरी गेलं होतं, तेव्हाही इतकी वाटली नव्हती.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. दिनेशच होता. त्याचा आवाज माझ्यापर्यंत येत होता. आईचा जीव घाबरून राह्यला, तिले तुह्याकडे आणून राह्यलो, घरीच राय.

कलाने फोन छातीशी धरला. "आईले आणून राह्यला," ती म्हणाली. "सुरू झालं."

"माझ्या घरी चल," मी म्हणाले. "दोन दिवस राहा. दाराला कडी लावते, कोण येते ते पाहू."

"लपाचं नाई मले." तिने घराकडे पाहिलं. "इथीबी नको. मालकाले समजलं तं ते वावरात हिस्सा पायजे म्हणून भांडतीन, सासू निराळीच बोलंल. भावाचं अन नवऱ्याचं भांडण लागलं का मधातली मी गायबच होते." मग फोन कानाला लावून म्हणाली, "दादा, आईले पोस्टबाईच्या घरी आण. मी तिथीच हाय."

वाटेत मी म्हणाले, "मी समजावते दिनेशले. तो माझं ऐकते."

"तुमी बोलू नका," कला म्हणाली. "तुमी लई बोलल्या."

ज्यांना माझा स्वभाव माहीत आहे त्यांना कळेल की ही शिक्षा कमी नव्हती. मी मान डोलावली.

अर्ध्या तासाने मोटरसायकल दारात थांबली. दिनेशच्या मागे गिरजाबाई, कलाची आई, नऊवारी सावरत उतरल्या. सत्तरीच्या, वाळक्या, चालायला खणखणीत. जीव घाबरल्याची काही खूण दिसत नव्हती. पण उंबऱ्यात पाय ठेवताच त्यांनी रडायला सुरुवात केली. वाटेत पढवून आणलं होतं, हे लहान पोरालाही समजलं असतं, तरी रडणं खोटं नव्हतं.

"कले वं, घर तोडू नको. एकच भाऊ हाय तुले."

कलाने आईला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. मी पाणी दिलं. दिनेशने घेतलं नाही. तो कपाटाला टेकून उभा राहिला.

"बाई, तुमचं हे बरं नाई," तो मला म्हणाला. "बाईमाणसाले पुस्तकं देऊन घरात भांडणं लावता."

माझ्या जिभेवर निदान पाच उत्तरं होती, आणि त्यातली दोन तर फार चांगली होती. मी सगळी गिळली आणि ग्लास पुसायला घेतला.

"बाईले काई म्हणू नको," कला म्हणाली. "पुस्तक मी मांगितलं. वाचलंबी मीच."

"तुले काई मनात होतं तं मले विचाराचं होतं ना. साऱ्या गावाच्या फोनवर वाचाचं मी? माही बहीण काय म्हणते ते मले व्हॉट्सअ‍ॅपवरून समजाचं?"

त्याचा आवाज यावेळी रागाचा नव्हता. त्याला लागलं होतं. मला त्याची कीव आली, आणि त्या कीवेचाही मला राग आला, कारण लागायला कारण मीच होते.

"विचारलं असतं तं तू काय म्हणला असता?" कलाने विचारलं.

दिनेश खोटं बोलणारा माणूस नाही. त्याने खरोखर विचार केला. "सही करून टाक, म्हणलो असतो."

"मंग?"

"मंग काय? रीत हाय ते. साऱ्याच बहिणी सोडतेत. राखीले साडी, दिवाळीले बोलावणं, पोरीच्या लग्नात आहेर, मी काय कमी केलं का तुले?"

"नाई केलं. त्याच्यात काई उणं नाई." कलाने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. "पण साडी तू देतं, दादा. वाटा बाबा देऊन गेला. ते दोन निराळे हायेत. मी सही करणार नाई. मंगळवारी करणार नाई, त्याच्या नंतरबी नाई."

ती बोलली. 'नाई' म्हणायला तिने पाच मिनिटं धरली होती, इथे एकही पुरतं लागलं नसेल. मी ग्लास पुसतच होते. तो केव्हाच कोरडा झाला होता.

गिरजाबाईंचं रडणं वाढलं. दिनेशने आईकडे बोट केलं. "पाह्य. पाह्य तिच्याकडे. बाबाले जाऊन सहा महिने नाई झाले, अन तू तिले रडवून राह्यली."

याच ठिकाणी कला मोडेल, अशी मला भीती होती. तीसुद्धा आईकडे पाहत होती, आणि तिचा चेहरा सैल पडायला लागला होता. मी तोंड उघडणारच होते. तेवढ्यात तिला काहीतरी सुचलं असावं.

"आई," ती म्हणाली, "मंगळवारी हा तुलेबी चंद्रपूरले नेऊन राह्यला का?"

गिरजाबाईंनी पदराने नाक पुसलं. "हो. आंगठा द्याचा हाय म्हणते."

"कशावर?"

"कागदावर."

"कोणत्या कागदावर?"

गिरजाबाईंनी दिनेशकडे पाहिलं. दिनेशने माझ्या पुस्तकांकडे पाहिलं.

"तुह्याबी वाटा हाय, आई," कला म्हणाली. "जेवढा दादाचा, जेवढा माह्या, तेवढाच तुह्या. बाबाच्या मागं तिघायचे तीन हिस्से होतेत. तू आंगठा दिला का तुह्या गेला."

रडणं थांबलं. थांबलं म्हणजे पाण्याचा नळ बंद करावा तसं थांबलं.

"कोण म्हणते?" गिरजाबाईंनी विचारलं.

"पुस्तकात हाय."

"दाखव."

बोलायची बंदी होती, उठायची नव्हती. मी उठले, न शोधता एक हजार चारशे आठ नंबर काढला आणि कलाच्या हातात दिला. तिने पान काढलं आणि ओळीखाली बोट धरून वाचायला लागली. ती अडखळत वाचते. 'मयताची विधवा' इथे ती थांबली, आईकडे पाहिलं आणि पुढे गेली. मुलगा, मुलगी आणि विधवा यांना प्रत्येकी समान हिस्सा, असं दीड ओळीत लिहिलेलं होतं. गिरजाबाई मान पुढे काढून पुस्तकाकडे बघत होत्या, जणू त्यांना ते वाचता येत होतं.

"पुन्हा वाच," त्या म्हणाल्या.

कलाने पुन्हा वाचलं. यावेळी अडखळली नाही.

"पन्नास वर्षं मी त्या बांद्यात धानाचं रोवणं केलं," गिरजाबाई म्हणाल्या. मग मुलाकडे वळल्या. "तुले माहीत होतं?"

दिनेशने कपाटाचा टेका सोडला. "वकिलानं सांगितलं होतं," तो म्हणाला.

"अन तू मले म्हणलं, बस आंगठा द्याचा हाय."

"आई, तू कुठी जाऊन राह्यली? माह्याच घरी राह्यशीन ना. तुले वावराचं काय करायचं हाय?"

"काईच नाई कराचं," गिरजाबाई म्हणाल्या. "पण विचाराचं तं होतं ना बापा."

हे त्यांनी इतक्या साधेपणाने म्हटलं की दिनेशची मान खाली गेली. माझीही गेली. त्याने आईला विचारलं नव्हतं आणि मी कोणालाच विचारलं नव्हतं; फार फरक नव्हता आमच्यात.

दिनेश बाहेर जाऊन मोटरसायकलपाशी उभा राहिला. चालू केली नाही. कलाने पुस्तक मिटलं. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि तिने ते पुसलंही नाही.

"माह्या राग गेला नाई तुमच्यावरचा," ती मला म्हणाली. "आईनं आयकलं म्हणून तुमचं बरोबर झालं असं नाई."

"नाईच," मी म्हणाले. बोलायची परवानगी मिळाली असं मी त्यावरून समजले. "असे आणखी अकरा शेरे निघाले. अकरा घरी मी स्वतः जाऊन सांगणार हावो. शिव्या देतीन तं खाईन."

"जा," ती म्हणाली. तिचा आवाज मऊ नव्हता, पण तिने माझ्याकडे पाहून म्हटलं.

गिरजाबाई उठल्या होत्या. निघताना त्यांनी कलाच्या हातातलं पुस्तक घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्यासमोर धरलं.

"बाई, हे मले पायजे."

"आई, तुले कुठी वाचता येते?" बाहेरून दिनेश म्हणाला. तो चिडून नव्हता बोलला, थकला होता.

"कला वाचंल. दर आईतवारी येईल अन वाचंल. पण पुस्तक माह्या नावानं राहू द्या."

मी कॉम्प्युटरपाशी बसले. "नाव सांगा पूर्ण."

त्या जरा थांबल्या. मागे कोणाचं नाव लावायचं, नवऱ्याचं की मुलाचं, असा विचार करत असाव्यात.

"गिरजाबाई लिहा," त्या म्हणाल्या. "तेवढंच लिहा."

मी लिहिलं. तारीख घातली. शेऱ्यात नाव आणि तारीख एवढंच, वाक्य नाही. मग कोपऱ्यातल्या कुलपाला हात लावला, आणि प्रोग्रामने त्याचा नेहमीचा प्रश्न विचारला. यावेळी मी त्याचं उत्तर स्वतः दिलं नाही. खुर्ची वळवून त्यांना विचारलं, "गिरजाबाई, हे पुस्तक तुमी नेलं, हे कोणाले दिसू द्याचं? मले एकटीले, तुमाले, का साऱ्यायले?"

गिरजाबाईंनी दाराबाहेर मोटरसायकलपाशी उभ्या असलेल्या मुलाकडे पाहिलं.

"साऱ्यायले," त्या म्हणाल्या.